सही करा, पण आधी कागद बदला

पत्र:

"मी पाच वर्षांपासून रुग्णवाहिकेवर ईएमटी, म्हणजे तातडीचे प्राथमिक उपचार करणारा कर्मचारी आहे. बारा तासांची ड्युटी, आणि रिलिव्हर आला नाही की पुढचे बारा तासही माझेच. पगार असा की नातेवाइकांनी विचारलं तर विषय बदलतो. आता वरून फर्मान आलंय: यापुढे पदवीधर पॅरामेडिकच (ईएमटीहून जास्त शिकलेले) घेणार, आणि जुन्या लोकांनी ठरावीक मुदतीत शिक्षण पूर्ण करायचं. फी आमची, सुट्टी आमची, पगाराबद्दल एक अक्षर नाही. सहकाऱ्यांनी निवेदन तयार केलंय, 'आधी पगार, मग शिक्षण. अनुभव हेच आमचं शिक्षण.' सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी राहिलीय. खरं सांगू का, मला शिकायचंय. कॉलवर कित्येकदा वाटतं, मला याहून जास्त कळायला हवं होतं. पण कर्ज काढून शिकलो आणि पगार तेवढाच राहिला तर? बायको म्हणते, एवढं शिकायचंच असेल तर नर्सिंग कर आणि यातून सुट. सही करू का? कर्ज काढू का? की हे कामच सोडू?
– सही राहिलेला"

नमस्कार,

सह्यांचा कागद फिरतोय म्हणजे वेळ कमी आहे, तेव्हा त्याबद्दल आधी बोलते. आहे त्या स्वरूपात त्यावर सही करू नका. तुमच्या सहकाऱ्यांचा राग शंभर टक्के रास्त आहे. फी तुमची, सुट्टी तुमची आणि पगाराचं नाव नाही, असं फर्मान काढणाऱ्याला काहीतरी वाटायला हवं होतं. पण 'अनुभव हेच आमचं शिक्षण' हे वाक्य तुमच्या बाजूचं दिसत असलं तरी फायद्याचं आहे ते समोरच्यांच्या. उद्या पगाराची बोलणी सुरू झाली की हेच वाक्य तुमच्यापुढे सरकवतील. तुम्हीच लिहून दिलंय ना, की या कामाला वेगळं शिक्षण लागत नाही? मग काही आठवड्यांच्या कोर्सवर नवी मुलं मिळतात, ती ज्या पगारावर येतात तोच तुम्हाला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

कमी पगार आणि कमी शिक्षण ही जोडी एकमेकांना धरून उभी असते. अमेरिकेत ईएमटीचा कोर्स साधारण दीडशे तासांचा असतो, आणि तिथल्याच अनेक राज्यांत ब्यूटी पार्लरचा परवाना मिळवायला हजार तासांहून जास्त शिकावं लागतं. केस कापणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दीडशे तासांत तयार होणारा माणूस सोडून गेला तर मालकाला झोप न लागण्याचं काही कारण नाही, पुढची बॅच तयारच असते. माणसं दोन-तीन वर्षांत कंटाळून जातात, म्हणून संघटना धड उभी राहत नाही. संघटना नाही म्हणून पगार हलत नाही. पगार हलत नाही म्हणून माणसं जातात. या चक्रात कुठेतरी हात घालावाच लागतो, आणि तुमच्यापुढे आलेलं फर्मान, त्याची भाषा कितीही उर्मट असो, नेमकी तशी एक संधी आहे.

पण शिक्षण वाढलं की पगार आपोआप वाढेल, असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर त्यावरही विश्वास ठेवू नका. पैसा कशाचा मोजला जातो हे आधी पाहायला हवं.

हे काम सुरूच झालं ते वाहतूक म्हणून. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ मध्ये अपघाती मृत्यू आणि अपंगत्वावर एक अहवाल काढला. त्यातल्या नोंदीनुसार देशातली निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे सुमारे १२,००० लोक चालवत होते. कारण एवढंच, की माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडे होती. आपल्याला न्यायला कोण आलंय हे पाहूनच जखमी माणसाचं अर्धं अवसान जात असेल! पुढे गाडी बदलली, ऑक्सिजन आला, मॉनिटर आला, हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर आला. हिशोब मात्र गाडीचाच राहिला. तिथली मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना आजही मुख्यतः पेशंटला नेल्याचे पैसे देते. तुम्ही घरी जाऊन तपासलंत, उपचार केलेत, न्यायची गरज उरली नाही, तर तुमच्या त्या अक्कलहुशारीचं बिल जवळजवळ निघतच नाही. जागेवरच्या उपचारांचेही पैसे द्यावेत म्हणून २०२१ मध्ये एक प्रायोगिक योजना सुरू झाली होती. पाच वर्षं चालायची ती २०२३ च्या अखेरीस गुंडाळली.

तेव्हा तुमच्या सेवेला पैसे कोण देतं आणि कशावर देतं, हे शोधून काढा. फेरीवर, किलोमीटरवर, की गाडी सज्ज ठेवण्याच्या तासांवर? गाडीमागे ठरलेली रक्कम मिळत असेल तर त्यातूनच डिझेल, टायर, विमा, ऑक्सिजन आणि तुमचे पगार जातात. डिझेल आणि टायर घासाघीस मानत नाहीत. माणसं मानतात. म्हणून काटकसर नेहमी तिथेच होते. कंत्राटात कर्मचाऱ्याची पात्रता आणि किमान वेतनश्रेणी लिहिलेली असेल तर ही वाट बंद होते, नसेल तर तुम्ही डॉक्टरेट केलीत तरी पगार ठरवणार टायरचा भाव. हे माहीत नसताना पगारवाढ मागणं म्हणजे बंद दारावर डोकं आपटणं आहे, आणि फर्मान काढणाऱ्या साहेबाच्या हातातही कदाचित त्या दाराची किल्ली नसेल.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य. "मला याहून जास्त कळायला हवं होतं." हे वाक्य तुमचे सहकारीही मनातल्या मनात म्हणत असणार, निवेदनात ते आलं नाही इतकंच.

एक कॉल घेऊ. सत्तरीचे गृहस्थ, बोलणं अडखळतंय, अंगाला दरदरून घाम, एक हात नीट उचलत नाही. घरचे म्हणतात अर्धांगाचा झटका. तुम्ही ग्लुकोमीटर लावता, साखर ३५, म्हणजे फारच कमी. शिरेतून ग्लुकोज जातं, थोड्या वेळात माणूस उठून बसतो, हात हलवतो, तुमच्यावरच डाफरतो, मला काही झालेलं नाही, मी कुठेही येणार नाही. घरचेही हुश्श करतात. नकाराच्या कागदावर सही घ्यायची आणि निघायचं. इथपर्यंत थोड्या आठवड्यांत तयार झालेला माणूसही व्यवस्थित पोहोचतो. पुढचा प्रश्न मात्र शिकलेला माणूस विचारतो. मधुमेहाची औषधं कोणती चालू आहेत? डबा आणा, मला बघू दे. कमी वेळ अंमल असलेल्या इन्सुलिनने साखर उतरली असेल, पेशंट पूर्ण शुद्धीवर असेल, काही खाऊ शकत असेल आणि सोबत जागं माणूस असेल, तर डॉक्टरांशी बोलून त्याला घरी ठेवण्याचा विचार तरी करता येतो. पण डब्यातून ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी निघाली, तर त्या गोळीचा अंमल कित्येक तास राहतो. त्यात मूत्रपिंडं थकलेली असतील तर आणखी रेंगाळतो. तुम्ही दिलेलं ग्लुकोज संपणार, गोळी तिचं काम करत राहणार, आणि रात्री सगळे झोपल्यावर साखर पुन्हा घसरणार. या आजोबांना हातापाया पडून का होईना, न्यायलाच हवं. दोन्ही ईएमटींच्या हातांनी केलेलं काम तंतोतंत सारखं आहे. फरक पडला तो एका प्रश्नाने, आणि त्या प्रश्नामागे औषधशास्त्राचा एक अख्खा विषय आहे.

अनुभवाने हे कळत नाही का? कळतं, पण केव्हा? पुढे काय झालं हे कोणी येऊन सांगितलं तर. तुमच्या कामाची रीत अशी की पेशंट कॅज्युअल्टीत सोडला, हँडओव्हर दिला, स्ट्रेचर पुसलं, पुढचा कॉल. आजोबा सकाळी बेशुद्ध सापडले, हे तुमच्यापर्यंत येतच नाही. तुमच्या लेखी तो कॉल यशस्वी, आणि पुढल्या वेळी तुम्ही आणखी आत्मविश्वासाने तसंच वागणार. पाच वर्षांत हात सराईत होतात, गर्दीत शांत राहता येतं, अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर कसं उतरवायचं ते कोणत्याही प्राध्यापकाहून तुम्हाला चांगलं कळतं. पण ज्याचा निकाल कानावर येत नाही तो अनुभव, एक वर्ष पाचदा जगल्यासारखा होऊ शकतो. कठोर वाटेल, पण सह्या करणाऱ्यांपैकी ज्यांच्याशी मोकळं बोलता येतं त्यांना हे जरूर विचारा.

शिक्षण म्हणजे जास्त सुया आणि जास्त नळ्या, असाही एक गैरसमज आहे, आणि अभ्यासक्रम विकणारे तो जोपासतात. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये १७ शहरांत एक मोठा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे लवकर शॉक देण्याची व्यवस्था आधीच चांगली बसली होती, तिथे पॅरामेडिकना श्वासनलिकेत नळी घालणं आणि शिरेतून औषधं देणं शिकवून हृदय बंद पडलेल्यांचे प्राण जास्त वाचले का, हे त्यात पाहिलं. वाचले नाहीत, आकडा पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला. तुमच्या पगारवाढीच्या बैठकीत कोणी हा अभ्यास फेकला तर दचकू नका. त्याच अभ्यासमालिकेतला २००७ मध्ये आलेला भाग त्यांच्यापुढे ठेवा. दम लागलेल्या, श्वास कोंडलेल्या पेशंटमध्ये तेच शिक्षण दिल्यावर मृत्यूचं प्रमाण १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे कोणत्या पेशंटला काय लागतं हे ओळखणं हीच खरी विद्या. फ्लोरिडातल्या २००५ च्या एका अभ्यासात, नळी घातल्यावर पेशंटच्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख सतत पाहत राहणाऱ्यांमध्ये चुकीच्या जागी गेलेली नळी लक्षात न येण्याचा एकही प्रसंग नव्हता. तो आलेख सतत न पाहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण तेवीस टक्के होतं. नळी घालायला दोघांनाही येत होती.

तर शिकावं, यात मला शंका नाही. शिकल्यावर पगार वाढतो का?

कुठे वाढतो आणि कुठे नाही, यात एक संगती दिसते. ब्रिटनमध्ये 'पॅरामेडिक' हे नाव कायद्याने राखलेलं आहे. नोंदणी नसताना स्वतःला तसं म्हणवून घेता येत नाही. नोंदणी आली, जबाबदाऱ्या वाढत गेल्या, आणि डिसेंबर २०१६ मध्ये संघटना, सरकार आणि सेवा चालवणाऱ्या संस्था यांच्यात करार होऊन पॅरामेडिकचं पद तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या वेतनश्रेणीत पाचव्या पायरीवरून सहाव्या पायरीवर गेलं. नव्या नोंदणीसाठी पदवीची पातळी लागू झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. क्रम लक्षात घ्या. पगार आधी वाढला, पदवी नंतर आली. म्हणजे 'आधी पगार' म्हणणारे तुमचे सहकारी अगदीच हवेत बोलत नाहीत. पण तो पगार नुसत्या अनुभवावर मिळालेला नाही. नोंदणी, तिच्यासोबतची कायदेशीर जबाबदारी आणि वाढलेलं काम, हे टेबलावर ठेवून मिळाला. ऑस्ट्रेलियातही डिसेंबर २०१८ पासून राष्ट्रीय नोंदणी आहे.

जिथे असं काही नाही, तिथे पदवी भिंतीवर टांगायला चांगली. नोंदणी नाही, नाव राखीव नाही, वेतनश्रेणी नाही, तर पदवीधर आणि बिनपदवीचा एकाच गाडीवर एकाच पगारात बसतात, आणि पदवीधराला वर टोमणे मिळतात ते वेगळे.

तुमच्या सहकाऱ्यांच्या मनात पगाराहून मोठी एक भीती आहे आणि ती निवेदनात आलेली नाही. नापास झालो तर? पंचेचाळिशीच्या माणसाला, शाळा सोडून पंचवीस वर्षं झालेली असताना, लेखी परीक्षेला बसवणं ही साधी गोष्ट नाही. ही भीती इतिहासाला धरून आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीत १९६७ मध्ये फ्रीडम हाउस ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. हाताला काम नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना पीटर सफार या डॉक्टरांनी सुमारे तीनशे तासांचं प्रशिक्षण देऊन उभं केलं, पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या आधी तिथे आजारी माणसाला पोलिसांची गाडी न्यायची. हे लोक त्या देशातल्या पहिल्या खऱ्याखुऱ्या पॅरामेडिकांपैकी. त्यांच्यासोबतच्या कामातून कॅरोलाइन यांनी जो अभ्यासक्रम घडवला, तो पुढे देशभरच्या पॅरामेडिक शिक्षणाचा पाया ठरला. आणि १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केलं, तेव्हा याच लोकांना नव्या परीक्षा आणि अटींच्या चाळणीतून जावं लागलं. त्यातले बरेच जण काही काळातच बाहेर पडले. ज्यांच्यावरून पाठ्यक्रम लिहिला गेला, तेच नव्या व्यवस्थेत बसेनात! दर्जा उंचावण्याच्या नावाखाली नको असलेली माणसं बाहेर काढता येतात, हे त्या साहेबाला माहीत नसेल असं समजायचं कारण नाही.

जर्मनीने हेच काम बरंच शहाणपणाने केलं. २०१४ पासून तिथे दोन वर्षांच्या जुन्या अभ्यासक्रमाऐवजी तीन वर्षांचा नवा आला, एकूण ४,६०० तासांचा, त्यातले चाळीस टक्क्यांहून थोडे जास्त वर्गात आणि बाकीचे गाडीवर नि रुग्णालयात. शिकणाऱ्याला शिकतानाच विद्यावेतन मिळतं. आणि जुन्या पात्रताधारकांचं काय? किमान पाच वर्षं काम केलेल्यांना थेट पूरक परीक्षेला बसायची मुभा, तीन ते पाच वर्षंवाल्यांना आधी ४८० तासांचं शिक्षण, त्याहून नव्यांना ९६० तासांचं. त्यासाठी दिलेली मुदत पुढे वाढवली सुद्धा. अनुभवाला किंमत द्यायची म्हणजे तासांत आणि सवलतींत अशी मोजून द्यायची. 'अनुभव हेच शिक्षण' या घोषणेपेक्षा हे कितीतरी पदरात पडणारं आहे.

म्हणून निवेदन फाडायला सांगत नाही, बदलायला सांगते. मी ते साधारण असं लिहीन:

"रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांचे शिक्षण वाढावे ही आमचीही मागणी आहे. ते अमलात आणताना पुढील बाबी लेखी मान्य व्हाव्यात. अभ्यासक्रमाची फी संस्थेने भरावी. वर्गाचे व प्रात्यक्षिकांचे तास ड्युटीत धरावेत. पाच वर्षांहून अधिक काम केलेल्यांना थेट परीक्षा देता यावी व तिच्या तयारीचे वर्ग संस्थेने घ्यावेत. परीक्षेत अपयश आल्यास आहे त्या पदावर काम करता यावे, नोकरी जाऊ नये. पात्रता मिळाल्यानंतरच्या महिन्यापासून कोणती वेतनश्रेणी लागू होईल ते आत्ताच जाहीर करावे. आम्ही सोडलेल्या पेशंटचे पुढे काय झाले, हे ठरावीक दिवशी आम्हाला कळवण्याची व्यवस्था असावी."

शेवटच्या मागणीला एक पैसा लागत नाही. तिलाच जास्त विरोध झाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आणि फीचा मुद्दा अडला तर तोडग्याची जागा आधीच ठरवून ठेवा: संस्थेने फी भरावी, बदल्यात तुम्ही अमुक काळ नोकरी सोडणार नाही. हा सौदा वाईट नाही, मात्र तो काळ किती आणि मध्येच सोडलं तर किती परत करायचे, हे आकड्यांत हवं. मूळ कागदपत्रं जमा करून घेणारा बाँड असेल तर सरळ नाही म्हणा.

'ही सेवा आहे, पैशाकडे काय बघता' हे भाषण बैठकीत होणारच. हार घालून सत्कारही होईल कदाचित. शांतपणे ऐकून घ्या आणि पुन्हा वेतनश्रेणीवर या.

आता कर्ज. आज काढू नका. निवेदनाचं उत्तर येईपर्यंत तरी थांबा, कारण संस्था निम्मी फी द्यायला तयार झाली तर हिशोबच बदलतो. दरम्यान अभ्यासक्रमाची माहिती काढा, जाहिरातीवरून नाही, आधीच्या बॅचच्या मुलांकडून. ही पदवी कोणत्या सरकारी किंवा वैधानिक नोंदणीसाठी धरली जाते? दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या प्रांतात चालते का? गाडीवरचे आणि रुग्णालयातले तास किती, आणि तिथे शिकवायला कोणी असतं की विद्यार्थ्यांना स्ट्रेचर ढकलायला लावतात? पाच वर्षांच्या नोकरीची काही सूट मिळते का? यांतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर बाकीचे विचारत बसू नका, तिथून उठा. आणि दोन दिवसांची प्रमाणपत्रं गोळा करण्याचा जो नाद आपल्या क्षेत्रात आहे, त्यापासून लांब राहा. हृदय बंद पडलेल्याला वाचवण्याच्या प्रशिक्षणाची कार्डं साधारण दोन वर्षांनी संपतात. नोकरीला लागणारी ठेवायची, ती संस्थेच्या खर्चाने. बाकी एक ना धड भाराभर चिंध्या.

हप्त्याचा हिशोब करताना वाढीव पगार धरू नका. आजच्या हातात येणाऱ्या पगारातून, ओव्हरटाइम वगळून, हप्ता भरता येत असेल तरच कर्जाचा विचार. ओव्हरटाइमवर बेतलेलं कर्ज म्हणजे अभ्यासाच्या रात्री तुम्ही गाडीवर असणार, आणि मग कर्ज राहील, पदवी राहणार नाही.

तुमच्या बायकोचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. घरातला हिशोब त्या सांभाळत असतील तर त्यांना तुमच्याहून जास्त स्पष्ट दिसत असणार. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांत ईएमटीचं मध्यम वार्षिक वेतन ३८,९३० डॉलर होतं, पॅरामेडिकचं ५३,१८० आणि नोंदणीकृत परिचारिकेचं ८६,०७०. रुग्णालयाच्या आतल्या आणि बाहेरच्या कामातली ही दरी तुम्ही एकटे शिकून बुजवू शकत नाही. नर्सिंगला जुनी नोंदणी आहे, परिषद आहे, बढतीची शिडी आहे आणि वय झाल्यावर बसून करायची कामंही आहेत. तुमच्या कामात पन्नाशीचा माणूस स्ट्रेचर उचलूनच पगार कमावतो. पाठ कधीपर्यंत साथ देईल, हा प्रश्न पदवीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो तुमच्या पत्रात नव्हता.

पण सोडायचं कारण तपासा. पगार हेच कारण असेल तर नर्सिंग हा चांगला निर्णय आहे, त्यात पळपुटेपणा काही नाही. जागरणांनी, न मिळणाऱ्या रिलिव्हरने आणि वरिष्ठांच्या वागण्याने थकून जाणार असाल, तर ही तिन्ही वॉर्डमध्येही भेटतील. आणि रस्त्यावरचं काम, कोणाच्या तरी घरात शिरून पाच मिनिटांत काय चाललंय ते ओळखणं, हे तुम्हाला मनापासून आवडत असेल (पत्रावरून मला तसं वाटलं), तर वॉर्डमध्ये त्याची उणीव भासेल. नर्सिंगचे प्रवेश कधी असतात ते पाहून ठेवा, निवेदनाला त्या तारखेपर्यंत ठोस उत्तर आलं नाही तर अर्ज भरा. दोन्ही दारं उघडी ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

नवा मसुदा झाला की तो आधी पुढाऱ्यांना दाखवू नका. तुमच्या गाडीवरच्या सगळ्यात जुन्या माणसाला दाखवा, ज्याला परीक्षेचं नाव काढलं तरी राग येतो त्याला. नोकरी न जाण्याची आणि तयारीच्या वर्गांची ओळ त्याला वाचून दाखवा, आणि त्यात त्याला काय बदल हवा ते विचारा. त्याने सुचवलेला शब्द घाला. पहिली सही त्याची घ्या, दुसरी तुमची.